तळघर गारठलं आणि मॅलोलॅक्टिक अडकलं: फ्रॉन्टनॅकची वाइन, मदत हवी

उत्तरेकडची | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझं माहेर तासगावचं, म्हणजे द्राक्षाच्या मांडवाखालीच वाढले. पण आमची द्राक्षं बेदाण्याच्या शेडवर जायची, वाइनशी घरात कुणाचा संबंध नव्हता. गेली पंधरा वर्षं मिनेसोटात आहे. इथे हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि तरी द्राक्षं होतात, कारण इथल्या विद्यापीठाने रानटी वेलीशी संकर करून थंडीला टिकणाऱ्या जाती तयार केल्या. १९९६ साली त्यांनी बाहेर आणलेली फ्रॉन्टनॅक ही त्यातलीच एक. रंग जांभळासारखा गडद, वास चेरीचा, आणि दोन मणी खाल्ले तरी दात आंबतात.

सप्टेंबरअखेरीस ओळखीच्या बागेतून ८० किलो आणली. रस काढला तेव्हा गोडी २४.५ ब्रिक्स, पीएच ३.१२ आणि एकूण आम्लता लिटरला १४.२ ग्रॅम. आपल्याकडे बागेत कुणाला हा आकडा सांगितला तर माल कच्चा तोडला म्हणतील, पण या जातीचं पिकल्यावरही असंच असतं. चिरडताना ५ ग्रॅम केएमएस, म्हणजे जिवाणूंना रोखणारी सल्फाइटची पूड, घातलं. आठवडाभर सालीसकट आंबवली, मग दाबून रस वेगळा केला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साखर संपली. मद्यार्क साधारण १४ टक्के आला असेल. आंबण्यात आम्लता थोडी उतरून १२.१ वर आली, पीएच ३.२०.

एवढी आंबट वाइन पिणं अवघड, म्हणून मॅलोलॅक्टिकचं, म्हणजे जिवाणूंकडून आंबटपणा उतरवून घ्यायचं ठरवलं होतं. ७ ऑक्टोबरला जिवाणूंचं पाकीट आणलं. ते २५० लिटरांसाठीचं होतं, पण उघडल्यावर टिकत नाही म्हणतात, म्हणून निम्मं निम्मं करून २३ लिटरांच्या दोन्ही कारबॉयमध्ये (काचेच्या मोठ्या बाटल्यांत) घातलं.

काल कागदावरची क्रोमॅटोग्राफी केली, म्हणजे वाइनमध्ये कोणती आम्लं आहेत ते ठिपक्यांवरून दाखवणारी चाचणी. पहिल्या कारबॉयमध्ये लॅक्टिकचा ठिपका चांगला ठसठशीत आहे, मॅलिकचा फिका होत चाललाय. दुसऱ्यात मॅलिक जसंच्या तसं, लॅक्टिकच्या जागी जेमतेम सावली. वाइन एकच, विरजण एकच, दिवसही एकच. मग एकात लागलं आणि दुसऱ्यात नाही, असं का? नवरा म्हणतो सल्फाइट घालून बाटल्या भरून टाकू, पण माझं मन तयार होत नाही.

हडपसर_०७ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ताई, वाइनमधलं मला काही कळत नाही, पण धागा आवडला. साखर संपली म्हणजे आंबणं संपलं ना? मग हे दुसरं विरजण कशाचं?

रसायन_गुरुजी | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

याचं उत्तर मी देतो, निवृत्त झालो तरी शिकवायची हौस गेलेली नाही.

लातूरकडे रब्बीत हरभऱ्याच्या शेतात गेलेल्यांना आठवेल. पहाटे पानांवर आंब येते, ओली चादर झाडांवर फिरवून ती पिळून ठेवतात. जिभेला लावली की झिणझिण्या येतात. ती आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आम्ल, सोबत थोडं ऑक्झॅलिक. कच्च्या सफरचंदाचा आणि कच्च्या द्राक्षाचा करकरीत आंबटपणाही मॅलिकचाच. ताकाचा आंबटपणा मात्र वेगळा. तो गोलसर असतो, जिभेला चावत नाही. ते लॅक्टिक.

ही दोन्ही आम्लं एकाच माणसाने पहिल्यांदा वेगळी काढली, हे मला वर्गात सांगायला फार आवडायचं. कार्ल विल्हेल्म शेले नावाच्या औषधविक्याने स्वीडनमध्ये १७८० साली आंबलेल्या दुधातून लॅक्टिक काढलं आणि १७८५ साली सफरचंदाच्या रसातून मॅलिक.

पहिलं आंबणं यीस्टचं: साखरेचा मद्यार्क. दुसरं जिवाणूंचं, आणि त्याला खरं तर आंबणं म्हणण्यापेक्षा आंबटपणाचा बदल म्हणावा. मॅलिकच्या रेणूला आम्लाची दोन टोकं असतात. जिवाणू त्यातलं एक टोक कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतात आणि उरतं एकाच टोकाचं लॅक्टिक. १ ग्रॅम मॅलिकमधून ०.६७ ग्रॅम लॅक्टिक मिळतं, बाकीचा वायू. म्हणून आंबटपणा नुसता मऊ होत नाही, मोजमापातही उतरतो. लिटरला ५ ग्रॅम मॅलिक असेल आणि सगळं बदललं, तर एकूण आम्लता टार्टारिकच्या (द्राक्षातलं दुसरं मुख्य आम्ल) हिशेबाने जवळपास २.८ ग्रॅमने खाली येते. ताईंनी हा मार्ग निवडला तो बरोबरच आहे.

खाडीपलीकडे | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

कॅलिफोर्नियातून लिहितोय. दरवर्षी इथल्या लोडाय भागातली झिनफँडेल द्राक्षं आणतो. माझं मत जरा वेगळं आहे. दीड महिना वाट पाहून झाली, आता दुसऱ्या कारबॉयमध्ये पोटॅशियम बायकार्बोनेट घाला. लिटरला १ ग्रॅम घातलं की आम्लता जवळपास १ ग्रॅमने उतरते. एका दिवसाचं काम. जिवाणूंच्या मागे लागून वाइन महिनोन्‌महिने सल्फाइटशिवाय उघडी ठेवण्यात मला जास्त धोका दिसतो. माझ्याकडे तशीच ठेवलेली एक वाइन एका वर्षी व्हिनेगरकडे गेली होती.

दिंडोरीकर | २४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

उत्तरेकडचीताई, मी नाशिकजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं आहे. रोजचं काम हेच, म्हणून सविस्तर लिहितो. वाचायला वेळ लागेल, पण घाईने काही घालू नका.

आधी खाडीपलीकडे यांच्या बायकार्बोनेटबद्दल. त्यांच्या झिनफँडेलला ते चालेल, कारण उन्हात पिकलेल्या द्राक्षात मॅलिक मुळातच कमी असतं. पिकताना उष्णता वाढली की फळ स्वतःच मॅलिक जाळून टाकतं. आमच्याकडेही तेच. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, तोडणी जानेवारी ते मार्च. जानेवारीत रात्रीचा गारठा असतो तोवर आम्ल टिकून राहतं, मार्चच्या उन्हात घड राहिले की भराभर उतरतं. आम्हाला उलट टार्टारिक घालावं लागतं. तुमच्या फ्रॉन्टनॅकची अडचण बरोबर याच्या विरुद्ध आहे. बायकार्बोनेट टार्टारिकला धरून खाली बसवतं, मॅलिकला हातही लावत नाही. म्हणजे तुमच्या वाइनमधलं चांगलं आम्ल जाईल, चावणारं आम्ल जागेवर राहील आणि पीएच मात्र वर जाईल. शिवाय बाटलीत मॅलिक शिल्लक राहील. पुढच्या उन्हाळ्यात तिथे जिवाणू जागे झाले तर वाइन गढूळ होईल, फसफसेल, बूचही वर येईल.

आता मूळ प्रश्न. वाइनमध्ये हे काम करणारा मुख्य जिवाणू ओएनोकॉकस ओएनी. इडलीच्या पिठात काम करणारे ल्युकोनोस्टॉक असतात ना, त्यांच्याच कुळात पूर्वी याला धरायचे. १९९५ साली त्याचं कूळ वेगळं केलं. स्वभावाने तो सोशिक आहे, पण चार गोष्टी एकदम अंगावर आल्या की बसून राहतो. त्या चार म्हणजे थंडी, कमी पीएच, मद्यार्क आणि सल्फर डायऑक्साइड. एकेकटी गोष्ट तो सहन करतो. तुमचा पीएच ३.२० हा आधीच काठावर आहे, आम्ही ३.३ च्या वर असेल तर निर्धास्त असतो. मद्यार्क १४ म्हणजे तोही काठावर. अशा वेळी बाकीच्या दोन गोष्टींत चूक चालत नाही.

सल्फाइट: केएमएसच्या वजनात सल्फर डायऑक्साइड साधारण ५७ टक्के. तुमच्या ५ ग्रॅममधून २.८५ ग्रॅम. साल-बियांसकट ७० लिटर लगदा धरला तर ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) आसपास. त्यातलं बरंचसं आंबताना बांधलं गेलं असेल. हे अडवण्याइतकं नाही. पण त्यानंतर कुठे घातलंत का? कारबॉय सल्फाइटच्या पाण्याने धुतला आणि निथळू न देता भरला, असं झालंय का? वरची पोकळी भरायला दुकानातली वाइन ओतलीत का?

तापमान: दोन्ही कारबॉय नेमके कुठे ठेवलेत? खोलीचं तापमान नको, कारबॉयमधल्या वाइनचं हवंय. १८ ते २४ अंशांत हे जिवाणू चांगलं काम करतात. १५ च्या खाली गेलं की मरत नाहीत, पण थांबतात.

आणखी दोन गोष्टी सांगा. पाकीट घरी येईपर्यंत बर्फात होतं का, आणि ते कोणत्या पाण्यात भिजवलंत? नळाच्या पाण्यातलं क्लोरीन निम्मे जिवाणू तिथेच मारू शकतं.

एवढं कळेपर्यंत सल्फाइट अजिबात घालू नका. ते घातलं की मागे फिरता येत नाही.

उत्तरेकडची | २४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

दिंडोरीकरदादा, मनापासून आभार. कामावरून आले ती थेट तळघरात गेले आणि लांब दांडीच्या थर्मामीटरने दोन्ही मोजले.

पहिला कारबॉय फर्नेसच्या खोलीत आहे: २१ अंश. दुसरा तिथे मावला नाही म्हणून खिडकीखाली, थेट सिमेंटच्या जमिनीवर ठेवला होता: १३.५ अंश. तळघराच्या भिंतीवरचा थर्मामीटर १७ दाखवतो, त्यावर मी विसंबून राहिले.

पाकीट बर्फासोबत आलं, फ्रीझरमध्येच ठेवलं. पाणी गाळलेलं आणि बाटलीतलं, क्लोरीन नसलेलं. सल्फाइटच्या पाण्याने दोन्ही धुतले होते, दोन्ही उलटे ठेवून निथळले. फक्त दुसऱ्यात दीड लिटर जागा राहिली होती, ती दुकानातल्या लाल वाइनने भरली. ते चुकलं का?

दिंडोरीकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ते चुकलं नाही. दुकानातल्या वाइनमध्ये एकूण सल्फाइट ८० पीपीएम धरलं, तरी दीड लिटरातून २३ लिटरांत पाचेक पीपीएमच वाढतं. कारण जमिनीत आहे. सिमेंट उष्णता ओढून घेतं आणि काच ती अडवत नाही. २१ आणि १३.५ एवढा फरक दोन कारबॉयमधल्या सगळ्या फरकाचा उलगडा करतो.

दुसरा कारबॉय उचलून लाकडी पाटावर किंवा पॅलेटवर ठेवा, आतल्या भिंतीकडे. कारबॉयला गुंडाळायचा गरम पट्टा मिळतो, तो मधल्या उंचीवर लावा आणि वरून जुनी रजई गुंडाळा. २०-२१ पुरे, २४ च्या वर नको. तापमान दिवसाला दोनेक अंशांनी वाढू द्या.

आणि मग तुम्ही जन्मापासून करत आलात तेच करायचं. पहिल्या कारबॉयमधली लिटर-दीड लिटर चालू वाइन काढून दुसऱ्यात घाला. पाकिटातले जिवाणू झोपेतून उठलेले असतात, त्यांना तुमच्या या आंबट वाइनची सवय नसते. पहिल्या कारबॉयमधले मात्र त्याच पीएचला, त्याच मद्यार्काला सरावलेत. चालू वाइनमधून घेतलेलं हे विरजण नव्या पाकिटापेक्षा चांगलं लागतं.

पहिल्यात जागा रिकामी ठेवू नका, लहान भांड्यातली उरलेली वाइन असेल तर तिने तोंडापर्यंत भरा. तळाचा बारीक साका आठवड्यातून एकदा हलक्या हाताने ढवळा. मेलेल्या यीस्टमधून जिवाणूंना खाणं मिळतं. ढवळताना फेस येऊ द्यायचा नाही, हवा आत गेली तर खाडीपलीकडे म्हणतात तो व्हिनेगरचा धोका खरा आहे.

खाडीपलीकडे | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

मॅलिक आणि टार्टारिकचा हा फरक माझ्या लक्षात नव्हता आला. माझा बायकार्बोनेटचा सल्ला मागे घेतो. एक विचारतो: यीस्ट घातल्यावर दुसऱ्याच दिवशी जिवाणू घातले तर? दोन्ही एकदमच होतं, थंडी पडायच्या आत काम संपतं. आमच्याकडे बरेच जण असं करतात.

दिंडोरीकर | २५ नोव्हेंबर, दुपारी २:००

करतात, आणि मिनेसोटासारख्या ठिकाणी मला तो मार्ग जास्त पटतो. यीस्टच्या उष्णतेत जिवाणूंना ऊब मिळते, मद्यार्क हळूहळू वाढतो, त्यांना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. एकच भीती. यीस्ट मध्येच थांबलं आणि साखर उरली, तर हाच जिवाणू साखरेकडे वळतो आणि असेटिक आम्ल तयार करतो. पीएच जास्त असेल तर हा धोका मोठा. फ्रॉन्टनॅकच्या ३.१२ ला मी घाबरलो नसतो, आमच्या ३.७ च्या शिराझला शंभरदा विचार करीन.

पुढच्या वर्षी यीस्टही विचार करून निवडा. ७१बी नावाचं यीस्ट मिळतं, ते आंबवतानाच मॅलिकचा काही भाग खाऊन टाकतं, २० ते ४० टक्क्यांपर्यंत. जास्त आंबट द्राक्षाला ते सोयीचं.

सफरचंदी | २६ नोव्हेंबर, पहाटे ३:३०

इंग्लंडमधल्या हेरफर्डशरमधून. आमच्याकडे द्राक्ष नाही, सफरचंद. घरामागच्या चार झाडांची सायडर करते. सफरचंदात मुख्य आम्लच मॅलिक, त्यामुळे ही गोष्ट आम्ही दरवर्षी पाहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस आंबतो, हिवाळाभर पिंप शेडमध्ये गार पडून असतं, काहीच हालचाल नाही. मग एप्रिल-मे उजाडतो, झाडांना मोहोर येतो आणि पिंपातून पुन्हा बुडबुडे यायला लागतात. इथले जुने लोक म्हणतात, झाड फुललं की सायडरही जागी होते. कारण उन्हाळ्याची ऊबच. मी आलेल्या पहिल्या वर्षी हे बुडबुडे पाहून साखर उरली की काय म्हणून घाबरले होते; साखर मोजायचा हायड्रोमीटर लावला तर आकडा जागचा हलला नव्हता. तेव्हा थंडीत अडकलेलं मेलेलं नसतं, हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघते. ताई, धीर सोडू नका.

जर्सीवासी | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

माझा अनुभव लिहितो, कुणाचं नुकसान वाचलं तर बरं. तीन वर्षांपूर्वी काँकॉर्ड द्राक्षाची वाइन केली. मॅलोलॅक्टिक आपोआप झालं होतं, मला पत्ताही नव्हता. बायकोला गोड आवडते म्हणून साखर घातली आणि ती पुन्हा आंबू नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घातलं. सल्फाइट घातलं नाही, डोकं दुखतं असं कुणीतरी सांगितलं होतं. दोन महिन्यांनी बाटली उघडली तर जिरॅनियमची पानं चुरगळल्यासारखा उग्र वास. २० लिटर ओतून दिली. सॉर्बेट यीस्टला रोखतं, लॅक्टिकच्या जिवाणूंना नाही. उलट ते जिवाणू सॉर्बेटच मोडतात आणि त्यातून हा वास तयार होतो. तो आला की काही इलाज नाही. सॉर्बेट घालायचं असेल तर सोबत पुरेसं सल्फाइट हवंच.

हडपसर_०७ | २६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

हे सगळं वाचून हात शिवशिवायला लागले. नाशिकहून दोन पेट्या वाइनची द्राक्षं आणून घरी करून पाहू का?

दिंडोरीकर | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:००

नको. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय वाइन तयार करणं हा गुन्हा आहे, घरच्यासाठी केली तरी. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलनपर्यंत स्वतःसाठी करता येते, विकता येत नाही. म्हणून ताईंना जमतं. तुम्ही हंगामात आमच्या भागात या. जानेवारी-फेब्रुवारीत बऱ्याच वायनऱ्या तोडणी आणि आतलं काम दाखवतात. टाकीतून चालू मॅलोलॅक्टिकचा नमुना चाखायला मिळाला तर सोडू नका, जिभेवर बारीक चुरचुर जाणवते ती त्याच वायूची.

रसायन_गुरुजी | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

दिंडोरीकर, तुमच्याकडे सगळ्याच वाइनला हे करतात का?

दिंडोरीकर | २७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

नाही गुरुजी. लाल वाइनला जवळपास नेहमी. तिथे आम्लता उतरवायला नव्हे, स्थैर्यासाठी. मॅलिक संपलं की जिवाणूंना बाटलीत खायला राहत नाही. सोव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ यांना मात्र मुद्दाम होऊ देत नाही. आमच्या हवेत आम्ल आधीच तोळामासा, ते आणखी उतरलं तर वाइन मिळमिळीत होते आणि फळाचा वास दबतो. तिथे आंबणं संपल्याबरोबर गार करायचं, सल्फाइट घालायचं, बाटलीत भरताना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं.

गंमत म्हणजे पाश्चरच्या काळात वाइनमधले जिवाणू म्हणजे रोग, अशीच समजूत होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर बोर्दोमध्ये एमिल पेनो वगैरेंनी दाखवून दिलं की चांगल्या लाल वाइनमध्ये हे होतच असतं आणि ते ठरवून करता येतं. त्याआधी वाइन करणारे वसंतातल्या त्या बुडबुड्यांकडे सफरचंदीताईंसारखेच घाबरून बघत असणार.

उत्तरेकडची | १४ डिसेंबर, रात्री ८:५०

कळवायला उशीर झाला. सांगितल्याप्रमाणे दुसरा कारबॉय पॅलेटवर उचलून ठेवला, पट्टा लावला, आईने पाठवलेली वाकळ गुंडाळली. चार दिवसांत वाइन २०.५ वर आली. मग पहिल्यातली सव्वा लिटर वाइन विरजण म्हणून घातली.

दहाव्या दिवशी एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) दर दोनेक मिनिटांनी एक बुडबुडा दिसू लागला. नुसती ऊब लागल्यानेही विरघळलेला वायू सुटतो हे वाचलं होतं, म्हणून बुडबुड्यांवर विश्वास ठेवला नाही. काल पुन्हा कागद लावला. पहिल्यात मॅलिकचा ठिपका संपला. दुसऱ्यात लॅक्टिकचा ठिपका आता पहिल्याच्या निम्मा तरी आहे.

जे पहिल्यांदा करणार असतील त्यांच्यासाठी कागदाचं थोडं लिहिते, कारण मी सुरुवातीला चुकले होते. कागदाच्या खालच्या कडेपासून बोटभर वर पेन्सिलने रेघ मारायची आणि त्यावर टार्टारिक, मॅलिक, लॅक्टिकच्या नमुन्यांचे आणि आपल्या वाइनचे बारीक थेंब ठेवायचे. एक थेंब वाळला की त्यावरच दुसरा, असं तीन-चारदा. कागदाची नळी करून झाकणाच्या बरणीत, द्रावणात उभी करायची. द्रावण सहा-सात तासांत वर चढतं. टार्टारिक सगळ्यात खाली राहतं, मॅलिक मधे, लॅक्टिक वर. कागद पूर्ण वाळेपर्यंत ठिपके दिसत नाहीत. मी ओलाच कागद बघून पहिल्यांदा सगळं फसलं असं समजले होते. वाळला की निळसर हिरव्या कागदावर पिवळे ठिपके उमटतात. द्रावणात ब्युटॅनॉल आणि फॉर्मिक आम्ल असतं, वास फार उग्र, त्वचेलाही भाजतं. हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरात मुळीच करू नका. मी गॅरेजमध्ये करते. लोणच्याची रिकामी बरणी वापरली, ती आता कायमची याच कामाला.

एक शंका: पहिल्या कारबॉयला लोण्याचा वास येतोय. खराब होतेय का?

दिंडोरीकर | १५ डिसेंबर, सकाळी ७:०५

खराब होत नाहीये. तो डायअॅसेटिल. वाइनमधलं थोडं सायट्रिक आम्ल जिवाणू खातात तेव्हा तयार होतं. शार्डनेला लोक तो वास मुद्दाम आणतात, चेरीच्या वासाच्या फ्रॉन्टनॅकला तो शोभणार नाही. मॅलिक संपल्यावर लगेच सल्फाइट घातलं तर जिवाणू मरतात आणि जेवढं डायअॅसेटिल तयार झालं तेवढं आत राहतं. साक्यासकट आणखी दहा-पंधरा दिवस तसंच उबेत ठेवा. जिवाणू आणि यीस्टचा साका मिळून ते पुढे मोडून टाकतात. तोवर भांडं काठोकाठ भरलेलं हवं. मग निवळ वाइन साक्यावरून काढा आणि सल्फाइट घाला. किती घालायचं ते पीएचवर ठरतं. ३.४ ला मुक्त सल्फर डायऑक्साइड २०-२५ पीपीएम लाल वाइनला पुरतं, ३.६ ला ३० च्या वर लागतं.

सफरचंदी | १५ डिसेंबर, सकाळी ११:३०

वाकळीचं वाचून फार बरं वाटलं. पुढचं नक्की कळवा.

उत्तरेकडची | २६ जानेवारी, रात्री ९:१०

दुसऱ्या कारबॉयचं मॅलिक १८ जानेवारीच्या कागदावर संपलेलं दिसलं. पाकीट घातल्यापासून साडेतीन महिने. पहिल्याला सव्वादोन लागले होते.

आजचे आकडे. पहिला: पीएच ३.४३, आम्लता ९.१. दुसरा: पीएच ३.४१, आम्लता ९.३. १२.१ वरून इथे. गुरुजींनी सांगितलेल्या हिशेबाने दोन्हीत लिटरमागे ५ ग्रॅमच्या आसपास मॅलिक असणार. लोण्याचा वास पहिल्यातून पूर्ण गेला, नाताळनंतर तीन दिवसांनी त्यात सल्फाइट घातलं. दुसऱ्यात कधी आलाच नाही. त्याला आणखी आठवडाभर ठेवून मग घालीन.

आंबट आहे अजून, पण आता तो आंबटपणा पिकलेल्या जांभळासारखा वाटतो, कैरीसारखा नाही. नवऱ्याने दोन घोट घेतले आणि बाटल्या भरायची घाई करत नाही म्हणाला.

राहिलेली आम्लता थोडी थंडीने उतरवायचा विचार आहे. एवढे दिवस जिच्याशी भांडले ती थंडी आता कामाला लावता येईल. पहिला कारबॉय गॅरेजमध्ये, पण बाहेर उणे २२ असताना उघड्या गॅरेजमध्ये वाइनही गोठेल, म्हणून घराच्या भिंतीला लागून, रजईत. आत शून्याच्या एक-दोन अंश खाली राहतंय. बरोबर चाललंय ना?

दिंडोरीकर | २७ जानेवारी, सकाळी ७:००

बरोबर. वाइन साधारण उणे सहाच्या आसपास गोठायला लागते, तेवढं अंतर राखा. उणे एक-दोनला दोन-तीन आठवडे ठेवा. टार्टारिक स्फटिक होऊन तळाशी बसेल, आम्लता आणखी एखाद्या ग्रॅमने उतरेल. तुमचा पीएच ३.६५ च्या खाली आहे, त्यामुळे स्फटिक बसताना तो वर जाणार नाही, थोडा खालीच येईल. हे मॅलोलॅक्टिकनंतरच करायचं होतं. आधी केलं असतं तर जिवाणू पुन्हा गारठले असते आणि पीएचही त्यांच्या विरोधात गेला असता. दुसरा कारबॉय सल्फाइट घातल्याशिवाय गॅरेजमध्ये नेऊ नका.

उत्तरेकडची | १२ फेब्रुवारी, रात्री १०:००

पहिल्याच्या तळाशी आणि खांद्याला काचेवर जांभळे स्फटिक बसलेत, विजेरी लावली की खडीसाखरेसारखे चमकतात. आम्लता ८.२, पीएच ३.३७. दुसऱ्यालाही सल्फाइट घालून झालं, तो उद्या गॅरेजमध्ये जाईल. सिमेंटवर नाही, पॅलेटसकट.